कंपायलरचा फ्रंट-एंड लिहायचाय? चुकलेल्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले तिसऱ्या वर्षाचे तीन विद्यार्थी विचारतात: आम्हाला ओपन सोर्स कंपायलरच्या फ्रंट-एंडवर, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर वाचून तपासणाऱ्या भागावर, काम करायचं आहे. मराठी कीवर्ड असलेली स्वतःची भाषा लिहावी, की क्लँगसारख्या (हा सी आणि सी प्लस प्लसचा कंपायलर) मोठ्या प्रकल्पात शिरावं? लॅपटॉप आठ जीबीचे आहेत, लाइट जाते, जवळपास या विषयातलं कुणी नाही. पुण्याला गेल्याशिवाय हे जमतं का?

जमतं. मी परभणीचा. फ्रंट-एंडच्या कामावरच माझं घर चालतं, आणि त्यातलं बरंचसं काम मी छत्रपती संभाजीनगरात बसून केलंय. तुमच्या पॅचचा, म्हणजे तुम्ही पाठवलेल्या बदलाचा, रिव्ह्यू करणाऱ्याला तुम्ही औसा रोडला राहता की बाणेरला, हे कळतही नाही. लुआ ही भाषा १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात जन्मली आणि तिथूनच जगभर गेली. त्यामुळे गावाचा प्रश्न इथेच सोडू. आधी काय करायचं आणि मग काय, हा खरा प्रश्न आहे. माझा सल्ला असा: आधी स्वतःची एक अगदी लहान भाषा लिहा, पण तिचे चुकांचे संदेश चांगले होईपर्यंत तिला सोडू नका. मग क्लँग, जीसीसी (हाही सी, सी प्लस प्लसचा कंपायलर) किंवा रस्ट भाषेच्या कंपायलरकडे वळा. मराठी कीवर्डबद्दल पुढे बोलतो.

फ्रंट-एंडचे भाग तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. मजकुराचे टोकन, म्हणजे शब्द आणि चिन्हांचे तुकडे, पाडणारा लेक्सर, टोकनांवरून प्रोग्रॅमच्या रचनेचं झाड उभं करणारा पार्सर, नावं आणि टाइप तपासणारा सिमँटिक भाग, आणि शेवटी बॅकएंडच्या, म्हणजे मशिनचा कोड काढणाऱ्या भागाच्या, हाती द्यायचं मधलं रूप, म्हणजे एलएलव्हीएमचं (क्लँग ज्या प्रकल्पाचा भाग आहे त्याचं) आयआर किंवा जीसीसीचं जिंपल. अभ्यासक्रमात या सगळ्यांना साधारण सारखे तास मिळतात. कामात तसं नसतं. लहान भाषेचा बरोबर प्रोग्रॅम वाचणारा पार्सर तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत लिहून काढाल. पण कंपायलरपुढे येणारा बहुतेक मजकूर अर्धवट किंवा चुकलेला असतो. माणूस लिहितो, चालवतो, चूक दिसते, दुरुस्त करतो, पुन्हा चालवतो. बरोबर प्रोग्रॅम या सगळ्याच्या शेवटी एकदा येतो. एडिटरच्या मागे चालणारा लँग्वेज सर्व्हर तर तुम्ही टाइप करत असतानाच मजकूर तपासत असतो, म्हणजे त्याच्या पुढ्यात जवळजवळ कायम तुटलेलं वाक्य असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की फ्रंट-एंडचा कस चुकलेल्या प्रोग्रॅमवर लागतो आणि डिझाइनची सुरुवातही तिथूनच व्हावी.

एक साधं उदाहरण जवळून बघू. पहिल्या वर्षाची सी लॅब. सहाव्या ओळीत बेरीज केली आणि शेवटचा अर्धविराम राहिला. सातव्या ओळीत उत्तर छापायची आज्ञा आहे. जुन्या पद्धतीचा कंपायलर सातव्या ओळीवर बोट ठेवतो आणि म्हणतो की इथे अर्धविराम हवा होता. मुलगी सातवी ओळ पुन्हा पुन्हा वाचते. सातव्या ओळीत काहीच चूक नाही. मग हात वर होतो: ‘सर, हे कामून चालंना गेलंय?’

कंपायलरच्या बाजूने पाहिलं तर तो खोटं बोललेला नाही. पार्सरला अर्धविराम हवा होता, त्याने पुढचं टोकन उचललं, ते सातव्या ओळीत निघालं, आणि त्याने त्या टोकनाची जागा छापली. उपाय छोटा आहे. प्रत्येक टोकनासोबत त्याची सुरुवात आणि शेवट, दोन्ही जागा जपून ठेवा, आणि मागच्या टोकनाचा शेवट पार्सरच्या हाताशी राहू द्या. ‘अमुक हवं होतं’ प्रकारची चूक मागच्या टोकनाच्या शेवटाला दाखवा. ‘हे इथे कसं आलं’ प्रकारची चूक चालू टोकनावर. क्लँग असंच करतो, आताचा जीसीसीही करतो. त्यापुढे जाऊन, अर्धविराम तिथे होता असं समजून पार्सरने पुढे वाचत राहावं, म्हणजे त्या एका चुकीपायी बाकीची फाइल न वाचता राहत नाही. एवढ्याशा बदलाने त्या मुलीचा तास वाचतो. हे काम मला लेक्सरच्या वेगापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

आता पार्सर कसा लिहायचा. हाताने. रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीने, म्हणजे व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला एक फंक्शन, आणि गणिती पदावल्यांसाठी व्हॉन प्रॅट यांची १९७३ ची युक्ती, जिच्यात प्रत्येक चिन्हाला पकडीचा एक आकडा देऊन अग्रक्रम सोडवतात. तुमच्या अभ्यासक्रमात लेक्स आणि यॅक ही लेक्सर आणि पार्सर तयार करून देणारी साधनं असतील. १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये ती घडली, आणि व्याकरण नेमकं लिहायला शिकवायचं तर आजही उत्तम आहेत. त्यांचे प्रयोग मनापासून करा. पण यॅकच्या पद्धतीत चूक सापडते तेव्हा तुमच्या हातात एका तक्त्यातली अवस्था असते, आणि तिच्यावरून माणसाला कळेल असं वाक्य काढणं कष्टाचं आहे. मोठ्या प्रकल्पांचा प्रवासही हेच सांगतो. जीसीसीने सी प्लस प्लसचा पार्सर बायसनवरून (यॅकसारखंच साधन) हाताने लिहिलेल्या पार्सरवर ३.४ या आवृत्तीत, २००४ मध्ये नेला, आणि सीचा ४.१ मध्ये. क्लँग पहिल्यापासून हाताने लिहिलेला. गो भाषेच्या कंपायलरने यॅक सोडलं. रुबीने २०२४ च्या शेवटी आलेल्या ३.४ मध्ये प्रिझम हा हाताने लिहिलेला पार्सर मुख्य केला. पायथन वेगळ्या वाटेने गेलं, ३.९ पासून तिथे पेग नावाच्या प्रकारच्या व्याकरणावरून पार्सर आपोआप तयार होतो, पण चुकांचे संदेश चांगले यावेत म्हणून त्या व्याकरणात चुकीच्या रचनांचे वेगळे नियम मुद्दाम लिहून ठेवलेले आहेत. म्हणजे चुकलेला प्रोग्रॅम कसा दिसतो, हे कुणाला तरी बसून लिहावंच लागलं.

सी भाषेपर्यंत पोहोचाल तेव्हा ही ओळ पाहा: `क * ख;`. ‘क’ हे व्हेरिएबल असेल तर हा गुणाकार. ‘क’ हे टाइपचं नाव असेल तर ‘ख’ नावाचा पॉइंटर इथे जाहीर होतोय. नुसत्या व्याकरणावरून हे ठरत नाही, आधीच्या ओळींत ‘क’ काय म्हणून आला हे सिम्बॉल टेबलला, म्हणजे नावांच्या नोंदवहीला, विचारावं लागतं. पार्सर आणि सिमँटिक भाग वेगवेगळ्या खोल्यांत बसत नाहीत, हे समजायला ही एक ओळ पुरेशी आहे.

चूक सापडल्यानंतर सावरणं, हा भाग मी सगळ्यांत जास्त वेळ देऊन शिकलो, आणि तुम्हीही द्या. दोन गोष्टी आहेत.

पहिली पार्सरमधली. गोंधळ झाला की पुढचा अर्धविराम, पुढचा बंद होणारा महिरपी कंस किंवा वाक्याची सुरुवात करणारा कीवर्ड येईपर्यंत टोकन टाकून देत जायचं आणि तिथून पुन्हा शहाण्यासारखं वाचायला लागायचं. यात एक पथ्य आहे: सावरणाऱ्या प्रत्येक फेरीत किमान एक टोकन तरी खर्च झालंच पाहिजे, नाहीतर पार्सर त्याच जागी गरगरत राहतो आणि लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो. आणि टाकून द्यायचं तेही बेतानं. उघडलेले कंस मोजत चला; आतल्या कंसातला अर्धविराम हा बाहेरच्या वाक्याचा शेवट नसतो.

दुसरी गोष्ट सिमँटिक भागातली, आणि ती जास्त नाजूक आहे. समजा एका व्हेरिएबलचा टाइप लिहिताना स्पेलिंग चुकलं. तो टाइप सापडत नाही, ही एक चूक. पण ते व्हेरिएबल पुढे वीस ठिकाणी वापरलंय. प्रत्येक ठिकाणी ‘याचा टाइप कळत नाही’, ‘ही बेरीज होत नाही’, ‘या फंक्शनला हे चालत नाही’ असे संदेश आले तर खरी चूक स्क्रीनच्या वर सरकून गेलेली असते. नवशिक्या माणूस शेवटचा संदेश आधी वाचतो, कारण तोच डोळ्यांसमोर असतो. यावर उपाय म्हणजे चुकीसाठी एक वेगळा टाइप. ज्याची चूक एकदा सांगून झाली त्याला हा टाइप चिकटवायचा, आणि नियम करायचा की या टाइपशी संबंध आलेली कुठलीही पदावली निमूटपणे तोच टाइप घेईल, नवी तक्रार करणार नाही. जीसीसीत यासाठी चुकीची खूण असलेला एक खास नोड आहे, रस्टच्या कंपायलरमध्ये ‘एरर’ नावाचा टाइप आहे, आणि क्लँगमध्ये २०२० च्या सुमारास ‘रिकव्हरी एक्स्प्रेशन’ आलं, ज्यामुळे चुकलेल्या पदावलीचे आतले भाग झाडात टिकून राहतात. ते टिकले म्हणून अर्धवट ओळीवरही एडिटर नावं सुचवू शकतो. तुमच्या लहान भाषेत हा टाइप पहिल्या आठवड्यातच घाला. नंतर घालायचा म्हणजे प्रत्येक फंक्शन उघडावं लागतं.

ही लहान भाषा कोणती असावी? पुन्हा एक सी किंवा पुन्हा एक बेसिक लिहू नका. ज्यात व्याकरण थोडं आणि अर्थाची तपासणी खरी असा विषय घ्या. लातूरला राहता तर मोंढ्यातली हिशोबपट्टी घ्या. शेतकऱ्याचा माल, वजन, सौद्यात निघालेला दर, हमाली, तोलाई, आणि हातात येणारी रक्कम. अशी काहीतरी:

```
वजन   = १२.४० क्विंटल
दर    = ७२०० रुपये / क्विंटल
हमाली = १५ रुपये / क्विंटल
रक्कम = वजन * दर
हाती  = रक्कम - हमाली
```

व्याकरण एका पानात मावतं. पण शेवटच्या ओळीत चूक आहे, आणि ती पार्सरला दिसणारी नाही. ‘रक्कम’ रुपयांत आहे, ‘हमाली’ क्विंटलमागे रुपये आहे. संख्या म्हणून वजाबाकी होईल आणि पट्टीवर शेतकऱ्याच्या नावे एक धडधडीत चुकीचा आकडा येईल. एकक हाच टाइप मानला की फ्रंट-एंड हे पकडतो. एफ-शार्प भाषेत अशी एककं भाषेचाच भाग आहेत, तिथली पद्धत बघून घ्या. आणि मग संदेश असा आला पाहिजे:

```
ओळ ५: चूक: रुपयांतून ‘रुपये / क्विंटल’ वजा होत नाहीत
    हाती  = रक्कम - हमाली
                    ~~~~~
ओळ ३: ‘हमाली’ इथे दर म्हणून दिली आहे
असं म्हणायचं होतं का:  हमाली * वजन
```

हा संदेश छापायला फ्रंट-एंडला काय काय माहीत असावं लागतं याची यादी करा. दोन्ही बाजूंची एककं, प्रत्येक पदावलीची मजकुरातली जागा, ‘हमाली’ कुठे जाहीर झाली ती जागा, आणि कुठल्या गुणाकाराने एकक जुळेल याचा शोध. या चार गोष्टी तुमच्या झाडाची रचना ठरवतील. संदेश आधी कागदावर लिहून मग झाड बांधा, उलटं करू नका.

या भाषेत नावं देवनागरीत आहेत, त्यामुळे लेक्सरमध्ये एक मोठं दालन उघडतं, आणि तिथे तुम्हाला घरचा फायदा आहे. ‘किंमत’ हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं तीन: किं, म, त. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशोबाने पाच चिन्हं: क, इकाराची वेलांटी, अनुस्वार, म, त. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे पंधरा बाइट. आता ‘ओळ ४, स्तंभ १६’ असं छापलंत तर स्तंभ म्हणजे नक्की काय? लँग्वेज सर्व्हरच्या प्रोटोकॉलमध्ये जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून एडिटरशी बोलून यूटीएफ-८ ठरवता येतं. टर्मिनल या शब्दाला किती खणांची रुंदी देईल हे टर्मिनलगणिक बदलतं, म्हणून खालची रेघ सरकते. आत सगळीकडे बाइटची जागा ठेवा, छापताना वा एडिटरला देताना तिचं रूपांतर करा, आणि रेघेवर विसंबून न राहता नाव संदेशात पुन्हा लिहा.

नावात कुठली चिन्हं चालतील, हा त्याहून जड प्रश्न. गो भाषेच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेखा चालते. युनिकोडमध्ये आपल्या काना-मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, ती ‘जोडचिन्हं’ या वर्गात येतात. परिणाम असा की गोमध्ये ‘दर’ आणि ‘वजन’ ही नावं चालतात, ‘हमाली’ आणि ‘रक्कम’ चालत नाहीत. शिवाय पॅकेजबाहेर दिसणारं नाव तिथे मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच. भाषा रचणाऱ्यांनी वाईट हेतूने हे केलेलं नाही. त्यांच्या शेजारी काना-मात्रा लिहिणारं कुणी बसलेलं नव्हतं, इतकंच. सी, सी प्लस प्लस, रस्ट, पायथन, जावास्क्रिप्ट यांच्यात जोडचिन्हं चालतात. जीसीसीने यूटीएफ-८ मधली नावं थेट लिहू द्यायला सुरुवात केली ती १० व्या आवृत्तीत, २०२० मध्ये.

आता आपल्या ‘ऱ’ कडे या. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एक डोंगरातल्या आणि एक समुद्र. पण ‘दऱ्या’ हा एकच शब्द कीबोर्डगणिक तीन प्रकारांनी साठवला जातो. एक: यू+०९३१ हा स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त. दोन: साधा ‘र’, खाली नुक्ता (टिंब) यू+०९३सी, मग हलन्त. तीन: साधा ‘र’, हलन्त, आणि त्यामागे यू+२००डी हा न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. स्क्रीनवर तिन्ही सारखे. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणरूप, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं एकच चिन्ह एका साच्यात आणायची पद्धत, पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला करत नाही. रस्ट नावं एनएफसीत आणून तुलना करतो, आणि शून्य-रुंदीचे जोडक नावात चालणार नाहीत असं त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. पायथन एनएफकेसी हे जरा जास्त मिसळणारं रूप वापरतो. जावास्क्रिप्ट जोडक चालवून घेतो आणि प्रमाणरूप मात्र करत नाही, म्हणून तिथे हे तिन्ही ‘दऱ्या’ तीन वेगळी व्हेरिएबल ठरतात. एकाने लॅपटॉपवर लिहिलं, दुसऱ्याने मोबाइलवर, आणि ‘हे नाव सापडलं नाही’ असा संदेश आला की दोघं डोळे फाडून बघत बसतात.

तुमच्या भाषेत काय कराल? मी असा निर्णय घेईन: लेक्सरमध्येच नाव एनएफसीत आणायचं, जोडक आला तर तो फक्त हलन्तानंतर येतोय का हे पाहायचं, ‘र, हलन्त, जोडक’ ही मालिका ‘ऱ, हलन्त’ अशी समजून घ्यायची, आणि इतर कुठेही न दिसणारं चिन्ह सापडलं तर त्याचा युनिकोड क्रमांक छापून चूक दाखवायची. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं तर तिला आधी दिसेल असं करावं लागतं. अंकांचंही ठरवून टाका. ‘१२’सारखे देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक दोन्ही चालू द्या, पण एकाच संख्येत दोन्ही मिसळले तर इशारा द्या. हे सगळं लिहून चाचण्यांसकट बाहेर टाकलंत, तर ते तुमच्या भाषेपेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.

मराठी कीवर्डबद्दल. ‘इफ’च्या जागी ‘जर’ ठेवणं हे लेक्सरच्या एका तक्त्यातलं काम आहे, आणि शिकणाऱ्याची अडचण तिथे फारशी नसते. बत्तीस-पस्तीस कीवर्ड कुणीही पाठ करतं. अडचण असते ती संदेशाच्या इंग्रजी वाक्यात. म्हणून ताकद लावायची तर मराठी संदेशांवर लावा. जीसीसीचे संदेश गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनातून जातात, त्यामुळे भाषांतराची वाट तिथे तयार आहे. क्लँगचे संदेश काही ठरावीक फाइलींत एकत्र ठेवलेले असतात. मूळ प्रकल्पात भाषांतर नाही, पण अभ्यासाला त्या फाइली फार चांगल्या.

तुकडे जोडून संदेश बनवलात तर मराठी लगेच मोडते. व्हेरिएबल सापडलं नाही, फाइल सापडली नाही, टाइप सापडला नाही; लिंग बदललं की क्रियापद बदलतं. वापरकर्त्याचं नाव घालून त्याला विभक्ती लावायला गेलात तर सामान्यरूप आडवं येतं: ‘वजन’ला ‘वजनाची’ करायचं, पण ‘किंमत’ला ‘किमतीची’, आणि वापरकर्त्याने नाव ‘क१’ ठेवलं असेल तर काय? यावर उपाय म्हणजे प्रत्येक चुकीचं पूर्ण वाक्य स्वतंत्र लिहायचं, आणि वापरकर्त्याचं नाव अवतरणात जसंच्या तसं ठेवून पुढे ‘या नावाची’, ‘या नावाला’ असं म्हणायचं. वाक्य जरा लांबतं, पण कधी चुकत नाही.

आणि संदेश चांगला झाला की नाही हे तुम्ही तिघं ठरवू शकत नाही, तुम्हाला तो कळणारच. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये जा. सरांची आणि मुलांची परवानगी घेऊन, नावं काढून टाकून, चुकलेले प्रोग्रॅम आणि त्यावर मुलांनी पुढे काय केलं हे गोळा करा. ब्लूजे या जावा शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरने २०१३ पासून ब्लॅकबॉक्स नावाच्या प्रकल्पात जगभरच्या शिकाऊ लोकांकडून, त्यांच्या संमतीने, असा साठा जमवलाय. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा असा साठा तुमच्या कॉलेजच्या एका लॅबमध्ये रोज तयार होतो आणि संध्याकाळी मशिन बंद करताना पुसला जातो. फ्रंट-एंडवर काम करणाऱ्या माणसाला याहून मोलाचं काही मी सांगू शकत नाही.

आता मोठ्या प्रकल्पात शिरण्याबद्दल. आठ जीबीवर क्लँग बांधता येतो, डोकं वापरावं लागतं. डीबग बिल्ड करू नका. रिलीज बिल्ड करा आणि असर्शन (कंपायलरच्या स्वतःच्या आतल्या तपासण्या) चालू ठेवा. टार्गेट एकच घ्या, तुमच्या मशिनचं. लिंकर (तयार तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारं साधन) म्हणून एलएलडी वापरा, आणि एका वेळी एकच लिंक चालेल असं बंधन घाला, कारण मेमरी खातं ते लिंकिंग. बिल्ड चालवायला निंजा वापरा, मध्येच लाइट गेली तर पुन्हा चालवल्यावर झालेल्या फाइली सोडून उरलेल्यांपासून पुढे जातो. आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं सीकॅश लावा. पूर्ण इतिहास न उतरवता उथळ क्लोन घ्या, मोबाइलच्या डेटावर असाल तर हे विसरू नका. पहिला बिल्ड रात्री लावून झोपा.

शिरायची वाट चाचण्यांमधून आहे. क्लँगच्या चाचण्या साध्या सी फाइली असतात, ज्यात ‘या ओळीवर हा संदेश यायला हवा’ असं शेऱ्यातच लिहिलेलं असतं आणि कंपायलर ते स्वतः पडताळतो. शंभरेक चाचण्या वाचा, भाषेचे असे कोपरे दिसतील जे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मग नवोदितांसाठी खूण केलेले इश्यू बघा. पण पॅचची घाई नको. आधी कुणाचा तरी बग तुमच्या मशिनवर घडवून दाखवा, तो लहान करा, आणि कुठल्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) सुरू झाला ते शोधून कळवा; त्या वेळी मात्र उथळ क्लोन पुरत नाही, इतिहास उतरवून घ्यावा लागतो. दोन हजार ओळींचा प्रोग्रॅम बारा ओळींवर आणणं हे खरं कौशल्य आहे. युटा विद्यापीठात तयार झालेलं सी-रिड्यूस हे काम आपोआप करतं, तरी काही बग हातानेच लहान करा, त्यातून कंपायलरची चाल कळते. असं काम करणाऱ्याचं नाव मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, लक्षात राहतं, आणि त्याचा पहिला पॅच लवकर वाचला जातो.

पॅच लहान ठेवा, सोबत चाचणी द्या. एलएलव्हीएममध्ये २०२३ पासून रिव्ह्यू गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर चालतो. आठवडाभर कुणी बोललं नाही तर एका ओळीत नम्र आठवण द्यायची. तिथे ते रीतीला धरून आहे, त्यात संकोच नको. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारी लांब पत्रं लिहू नका, आणि ‘हे असं का?’ या प्रश्नाला अपमान समजू नका, ते खरंच कारण विचारत असतात. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, चाचणी स्पष्ट हवी. एआयकडून लिहून घेतलेला कोड ओळ न् ओळ स्वतःला समजल्याशिवाय पाठवू नका. रिव्ह्यूतल्या दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही उघडे पडता, आणि समोरच्या स्वयंसेवकाची संध्याकाळ वाया जाते.

जीसीसी निवडलंत तर आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने जीसीसीच्या अंतर्रचनेवर केलेलं काम जरूर शोधा. तिथे पॅच देताना कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिहून देण्याची सक्ती २०२१ पासून राहिलेली नाही. पॅच तुमचाच आहे असं प्रमाणित करणारी सहीची ओळ पुरते.

राहिलं लायसन्स. तुमच्या हिशोबपट्टीच्या रिपॉझिटरीत पहिल्याच दिवशी लायसन्सची फाइल टाका. फाइल नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो पण कायद्याने कुणालाच वापरता येत नाही. जीसीसी जीपीएल लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीवर आहे, सोबत रनटाइम लायब्ररीसाठी सवलत. एलएलव्हीएम अपाची लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीवर आहे, त्यालाही स्वतःची सवलत जोडलेली. तुमचा देवनागरी लेक्सर दोन्हीकडच्या लोकांनी उचलावा असं वाटत असेल तर एलएलव्हीएमचंच लायसन्स घ्या. ती सवलत जीपीएलच्या जुन्या, दोन क्रमांकाच्या आवृत्तीशी होणारी अडचणही सोडवते. तिघांची नावं आणि कुणी काय लिहिलं हे कमिटमध्ये नीट राहू द्या, आणि कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून देणार असाल तर कोडवर हक्क कुणाचा, हे विभागप्रमुखांकडून आधीच लेखी घ्या.